भीतीची गोडी

दाराआड लपलेली आई एकदम पुढे येऊन 'भो!' करते. दीड वर्षाचं पोर दचकतं, ओठ काढतं, आता रडणार असं वाटतं. तेवढ्यात त्याची नजर आईच्या चेहऱ्यावर जाते आणि ते खिदळू लागतं. मग एकच धोशा, 'अजून!' हेच 'भो' अनोळखी माणसाने केलं, तर ते घर डोक्यावर घेईल.

दचकणं दोन्हीकडे सारखंच. आपल्याला काही कळायच्या आत मेंदूतला अमिग्डाला धोक्याची वर्दी देतो, अ‍ॅड्रेनलिन रक्तात उतरतं, छाती धडधडते. पाठोपाठ मेंदूचा पुढचा भाग प्रसंग जोखतो. धोका नाही हे कळलं, तरी धडधड लगेच थांबत नाही. ही शिल्लक राहिलेली उत्तेजना पुढच्या भावनेला जाऊन मिळते आणि सुटकेचा आनंद एरवीपेक्षा मोठा वाटतो, असं मानसशास्त्रज्ञ डॉल्फ झिलमन यांनी १९७०च्या दशकात मांडलं. दुसरे मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांचं म्हणणं मला अधिक मोलाचं वाटतं: शरीर फसलं पण आपण फसलो नाही, या जाणिवेतच खरी मजा आहे.

पण मात्रा जमायला हवी. डेन्मार्कमधल्या एका भयगृहात, म्हणजे लोकांना मुद्दाम घाबरवण्यासाठी उभारलेल्या जागी, संशोधकांनी ११० जणांच्या हृदयाचे ठोके मोजले. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भीती फार कमी वाटली तरी मजा कमी आणि फार जास्त वाटली तरी कमी, असं दिसलं. गोडी मधल्या टप्प्यात होती.

हा टप्पा ज्याचा त्याचा वेगळा. मानसशास्त्रज्ञ मार्विन झुकरमन यांनी १९६४ मध्ये थराराची ओढ मोजणारी प्रश्नावली तयार केली. ही ओढ बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याचं पुढे जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसलं. म्हणून भयपट नको म्हणणाऱ्याला भित्रा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

शिवाय मात्रा आपण स्वतःच कमी-जास्त करत असतो. डेन्मार्कच्याच आणखी एका अभ्यासात भयगृहात शिरणाऱ्या काहींनी जास्तीत जास्त घाबरायचं ठरवलं, तर काहींनी भीती शक्य तेवढी आवरायची. पहिल्यांनी हे सगळं खरंच घडतंय असं मनाला पटवलं. दुसऱ्यांनी नजर वळवली, सोबत्याला घट्ट धरलं, 'हे खोटं आहे' असं स्वतःला बजावलं. बाहेर आल्यावर समाधान मात्र दोघांचंही जवळपास सारखंच होतं.