मुंगळ्यांची राणी आणि ओल्या कापसाचा हिशेब

वळवाचे दोन-तीन पाऊस नीट कोसळले की बेळगाव, खानापूर, निपाणीकडे संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा खच पडतो. त्यातली बहुतेक वाळवीची पाखरं असतात, आणि मुंग्या पाळायला निघालेला नवखा माणूस पहिल्यांदा तीच उचलून आणतो. फरक सोपा आहे. वाळवीला कंबर नसते आणि चारही पंख सारख्या लांबीचे असतात. मुंगीची कंबर आवळलेली, मिशा कोपरात वाकवल्यासारख्या, पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. मीलन झालं की नर मुंग्या एक-दोन दिवसांत मरतात. मरणकाळी मुंगीला पंख फुटतात ही म्हण त्यांच्यापुरती तंतोतंत खरी. राणी मात्र स्वतःचे पंख पायांनी ओढून टाकते आणि भिंतीच्या कडेने बिळाची जागा शोधत फिरू लागते. जाड छाती, भरलेलं पोट आणि पाठीवर पंख तुटल्याच्या खुणा असलेली ही एकटी मुंगीच आपल्याला हवी. वारूळ खणून राणी काढायच्या भानगडीत पडू नये. ती बहुधा हाती लागत नाही आणि नांदतं घर मात्र मोडतं.

परदेशी मुंग्यांचं आकर्षण मोठं आहे, पण ते इथेच सोडलेलं बरं. 2025 मध्ये केनियात चार जणांना मुंग्यांच्या तस्करीबद्दल दंड झाला. त्यात दोन बेल्जियन मुलांकडे नळ्यांमध्ये कापूस घालून भरलेल्या सुमारे 5,000 राण्या सापडल्या होत्या, त्याही युरोप-आशियातल्या हौशी लोकांना विकण्यासाठी. आपल्याकडे जिवंत कीटक बाहेरून आणायला 2003 च्या प्लांट क्वारंटाइन आदेशाखाली परवाना लागतो. पाकिटातून ट्यूब मागवणं सरळ बेकायदा. कायदा बाजूला ठेवला तरी धोका उरतोच. ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या वेड्या मुंग्यांनी तिथले लाल खेकडे लाखोंनी मारले. बेळगावच्या हवेत आफ्रिकेतली एखादी जात तगली तर ती पेटीत राहील याची हमी कोणी देऊ नये. ईशान्येकडची जातही आपल्याकडे परकीच. आणि भीमगड अभयारण्यातून इथलीही मुंगी परवानगीशिवाय उचलता येत नाही.

गावातल्या, परसातल्या जातींमध्ये सुरुवातीला मुंगळा, म्हणजेच डोंगळा, सगळ्यात सोसणारा. शास्त्रीय नाव कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस. आंब्याची पानं शिवून घरटं बांधणाऱ्या तांबड्या मुंग्या दिसायला देखण्या, पण त्यांना जिवंत झाड लागतं आणि चावण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. सह्याद्रीतली उडी मारणारी हार्पेग्नॅथोस जिवंत शिकार मागते. डायाकामा या काळ्या, रेघारेघांच्या मुंगीच्या घरात तर पंखवाली राणीच नसते. एका कामकरी मुंगीचं मीलन होतं, तीच अंडी घालते आणि नव्याने जन्मलेल्या बाकीच्यांच्या छातीवरचे पंखांचे इवलेसे अवशेष कुरतडून त्यांना त्या शर्यतीतून बाद करते. वाचायला विलक्षण, पाळायला डोकेदुखी.

राणीचं पहिलं घर म्हणजे टेस्ट ट्यूब. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात 15 सेंटिमीटर लांब आणि 20 मिलिमीटर रुंदीची काचेची ट्यूब मागावी. 16 मिलिमीटरचीही चालते, पण मुंगळ्याच्या राणीला वळायला अडचण होते. तळाशी एक तृतीयांश भाग उकळून गार केलेलं पाणी. मग मेडिकलमधल्या साध्या कापसाचा घट्ट बोळा पेन्सिलीने ढकलत पाण्याला टेकवायचा. बोळ्याचा आतला भाग भिजावा, राणीकडचा नुसता ओलसर राहावा. पाच-सहा सेंटिमीटर मोकळी जागा, राणी, आणि तोंडाला कोरड्या कापसाचा सैलसर बोळा. प्लॅस्टिकचं बूच लावू नये. या मुंग्या घाबरल्या की फॉर्मिक आम्ल फवारतात, आणि बंद नळीत त्याच वाफेने स्वतः मरतात.

सर्वाधिक राण्या या टप्प्यावर बुडून मरतात, आणि कारण अगदी शाळेतल्या विज्ञानाचं आहे. बोळा लावताना पाण्याच्या बाजूला हवेचा बुडबुडा अडकतो. एप्रिल-मेच्या दुपारी खोली तापली की तो फुगतो आणि पाण्याला कापसातून राणीकडे रेटतो. म्हणून पाण्यात बुडबुडा दिसला तर बोळा काढून पुन्हा बसवायचा, आळस करायचा नाही. पत्र्याच्या छपराखाली, फ्रिजच्या डोक्यावर किंवा पश्चिमेच्या खिडकीत ट्यूब ठेवू नये. उलट चूकही होते: बोळा इतका घट्ट की राणीच्या बाजूला ओल येतच नाही. तिकडचा कापूस दोन दिवसांनीही पांढरा आणि भुरभुरीत दिसला तर तो बदलावा.

पुढे काम फक्त अंधाराचं. ट्यूब काळ्या कागदात गुंडाळून कपाटात ठेवावी, आठवड्यातून एकदाच, तीही लाल जिलेटिन कागदातून पाहावी. मुंग्यांना लाल प्रकाश जवळजवळ जाणवत नाही. रोज उघडून पाहिलं, शेजारी मिक्सर फिरला, की राणी बिथरते आणि घातलेली अंडी खाऊन टाकते. मुंगळ्याच्या राणीला या काळात अन्न द्यायचं नसतं. उडण्याचे स्नायू आता तिच्या कामाचे नसतात. तेच विरघळवून ती स्वतः जगते आणि पहिल्या अळ्यांना तोंडातून भरवते. अंडी ती एका गठ्ठ्यात चिकटवून ठेवते आणि ट्यूब हलली की सगळा गठ्ठा जबड्यात धरून पळते. अळी कोष विणते तेव्हा तिला आधाराला कण लागतात, म्हणून उकळून वाळवलेली चिमूटभर बारीक वाळू सुरुवातीलाच टाकलेली बरी. बाळ बाहेर यायची वेळ झाली की राणी कोषाला चीर पाडून त्याला ओढून काढते. हे पाहायला मिळालं तर श्वास रोखून पाहावं.

अंड्यापासून पहिल्या कामकरी मुंगीपर्यंत इथल्या उन्हाळ-पावसाळी हवेत दीड ते दोन महिने जातात. थंडीत पारा 15 अंशांखाली उतरला की सगळं मंदावतं. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. पहिल्या पिढीतून सगळे पंखवाले नरच निघाले, तर राणीचं मीलन झालेलं नव्हतं. न फळलेल्या अंड्यांतून मुंग्यांमध्ये नरच जन्मतात, त्यामुळे तिथे काही उपाय नाही. पंख गळले म्हणजे मीलन झालंच असं मानता येत नाही.

कामकरी मुंग्या आल्या की खाणं सुरू. एक भाग साखर, चार भाग पाणी. फॉइलच्या तुकड्यावर दोन थेंब. पोट भरलेल्या मुंगळ्याच्या पोटावरचे काळे पट्टे ताणून विलग होतात आणि मधली फिकट, अर्धपारदर्शक कातडी दिसते, तेवढ्यावरूनच कोण खाऊन आलं ते कळतं. आठवड्यातून दोनदा प्रथिनं: फळमाशी किंवा रातकिड्याचा तुकडा, गरम पाण्यात काही सेकंद बुडवून, म्हणजे अंगावरच्या गोचिडीसारख्या माइट मरतात. उरलेलं चोवीस तासांत उचलायचं. कौतुकाने कुंदा घालण्याचा मोह होतो, घालू नये. दुधाचा खवा दुसऱ्या दिवशी बुरशी धरतो आणि ती ट्यूबच्या कापसापर्यंत जाते.

घरातल्या किड्यांच्या औषधांकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. डासांच्या लिक्विडमध्ये, अगरबत्तीत, मुंग्यांच्या खडूत पायरेथ्रॉइड असतं. डास जेवढ्या सहज मरतो तेवढ्याच सहज मुंगळाही. ही औषधं ज्या खोलीत लावली जातात तिथे मुंग्यांची पेटी नको. फवारलेल्या भाजीवरचा किडा मुंग्यांना देऊ नये. निपाणीकडच्या लोकांना वेगळं सांगायला हवं: तंबाखूतलं निकोटिन हे जुनं कीटकनाशक आहे, तेव्हा तंबाखू मळलेले हात साबणाने धुतल्याशिवाय ट्यूबला लावू नयेत.

वीस-तीस मुंग्या झाल्यावर झाकणाचा प्लॅस्टिक डबा जोडावा. त्यातच ट्यूब आडवी ठेवली की अंगण झालं. वरच्या काठाला आतून तीन सेंटिमीटर रुंद पट्टा ओढायचा: एक चमचा टाल्कम पावडर, सुमारे पंधरा मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल, ब्रशने पातळ थर. आसपास गॅस चालू नसावा, मिश्रण पेट घेतं. अल्कोहोल उडाल्यावर उरलेल्या भुकटीवर पाय टिकत नाही. कोरड्या हवेत हा पट्टा दोन-तीन महिने चालतो, पण मिरगापासून पुढे खानापूर-जांबोटीच्या दमट हवेत टाल्क ओल धरतं, घट्ट बसतं आणि मुंगळे त्यावरून आरामात चढतात. पावसाळ्यात दर आठवड्याला पट्टा पुसून नवा ओढावा, झाकणाला बारीक स्टीलची जाळी लावावी. बाहेरच्या लाल मुंग्या आत शिरून वसाहत साफ करतात. त्यासाठी साखरेच्या डब्याखाली ठेवतो तशीच पाण्याची ताटली डब्याखाली.

मोठं घर सिपोरेक्सच्या, म्हणजे बांधकामातल्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्याच्या, तुकड्यात कोरता येतं. खोल्या दीड सेंटिमीटर खोल, वर काच, आणि एकाच कोपऱ्यात पाणी सोडायला खळगी. सगळा ठोकळा भिजवला तर निवड उरत नाही. एक कोपरा ओला, समोरचा कोरडा असला की अंडी-अळ्या ओलीकडे आणि कोष कोरड्याकडे, अशी वाटणी मुंग्या स्वतःच करतात. घर गरजेपेक्षा मोठं दिलं तर त्या रिकाम्या खोल्या उकिरडा म्हणून वापरतात.

ट्यूबमधलं पाणी दोन-चार महिन्यांत संपतं, किंवा कापूस काळा पडतो. थोडा काळेपणा चालतो. बदलायची वेळ आली तर नवी भरलेली ट्यूब जुनीच्या तोंडाला तोंड लावून टेपने जोडावी, नवी काळ्या कागदात झाकावी, जुनी उजेडात ठेवावी. कधी रात्रीत बिऱ्हाड हलतं, कधी आठवडा लागतो. जुन्या ट्यूबमध्ये ओल असेपर्यंत मुंग्या रेंगाळतात, तेव्हा ती वाळू द्यावी. घाई करून ट्यूब आपटून मुंग्या झाडू नयेत: अळ्या चिरडतात, सगळ्या मुंग्या एकदम आम्ल सोडतात, आणि वाचलेली राणीही पुढे कित्येक दिवस अंडी घालत नाही.