ताट वेगळं, रेझर एकच

कावीळ हा एकच शब्द आपण चार-पाच निरनिराळ्या आजारांना लावतो आणि घोळ तिथेच होतो. ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ दूषित पाण्यातून, अन्नातून येते. हिपॅटायटिस बी, म्हणजे ‘बी’ प्रकारची कावीळ, पसरते रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. तरीही घरात कुणाची एचबीएसएजी, म्हणजे हिपॅटायटिस बी ओळखणारी रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आली, की आधी त्याचं ताट-वाटी वेगळी होते. न्हाणीघरातलं रेझर मात्र सगळ्यांचं एकच राहतं. व्हायला हवं नेमकं उलट.

एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने, खोकल्याने, एकच संडास वापरल्याने हा आजार लागत नाही. धोका आहे तो रेझर, टूथब्रश, नेलकटर, कानातले यांच्या अदलाबदलीत. हा विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही किमान 7 दिवस तग धरतो, आणि डोळ्यांना न दिसणारा रक्ताचा अंशही त्याला पुरतो. लस न घेतलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर संसर्गाची शक्यता 6 ते 30 टक्के असते. एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे 0.3 टक्के. 2009 साली गुजरातेत मोडासा भागात मोठी साथ आली, तीही पुन्हा पुन्हा वापरलेल्या सिरिंजांमुळे.

सलूनमध्ये नवं ब्लेड आपल्यासमोर पाकिटातून काढलंय ना, हे आपण बघतो. मग कापलं की गालावर फिरतो तो तुरटीचा खडा, दिवसभर सगळ्या गिऱ्हाइकांचा! तुरटी रक्त थांबवते, पण विषाणू मारण्याच्या कामी ती भरवशाची नाही. सरळ नको म्हणावं.

घरात रक्त सांडलं तर हातमोजे घालून कागदाने टिपावं, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण ओतून 10 मिनिटांनी पुसावं.

जन्मतः लागण झालेल्या दर दहापैकी सुमारे नऊ बाळांत हा आजार कायमचा मुक्काम ठोकतो; मोठ्यांत हेच प्रमाण शंभरात पाचाहून कमी. म्हणून पहिली लस जन्मापासून 24 तासांच्या आत हवी, पुढचे डोस पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या एकत्रित लशीतून 6, 10 आणि 14 आठवड्यांना. आई बाधित असेल तर बाळाच्या दुसऱ्या मांडीत इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शनही, शक्यतो 12 तासांत. त्यानंतर अंगावर पाजायला हरकत नाही.

घरातल्या बाकीच्यांनी आधी तपासणी करावी, मग 0, 1 आणि 6 महिन्यांनी लस घ्यावी. मोठ्यांनी ती दंडातच घ्यावी; कुल्ल्यावर घेतली तर चरबीत अडकून परिणाम कमी होतो.