चित्तप्रसाद : जप्त झालेल्या चित्रांची पार्श्वभूमी

चित्तप्रसाद भट्टाचार्य म्हटलं की १९४३च्या बंगालच्या दुष्काळाची काळ्या शाईतली चित्रं डोळ्यांपुढे येतात. पण हाच चित्रकार त्या काळात दुसऱ्या महायुद्धाच्या बाजूने व्यंगचित्रं आणि पोस्टर काढत होता. हे लक्षात घेतलं, तरच त्या चित्रांची धार कळते.

त्यांचा जन्म १९१५चा, बंगालमधल्या नैहाटीचा. चितगावला (आता बांगलादेशात) शिकत असताना ते डाव्या चळवळीत आले. जून १९४१मध्ये हिटलरने सोव्हिएत रशियावर चाल केली आणि कम्युनिस्ट पक्षाने हे 'लोकयुद्ध', म्हणजे पाठिंबा द्यावा असं जनतेचं युद्ध, ठरवलं. मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या पक्षाच्या साप्ताहिकासाठी चित्तप्रसाद रेखाटू लागले.

इकडे १९४२मध्ये ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिथला तांदूळ बंद झाला. शत्रूच्या उपयोगी पडू नये म्हणून इंग्रज सरकारने बंगालच्या किनारी भागातल्या होड्या आणि धान्य काढून घेतलं. ऑक्टोबरात मिदनापूरला चक्रीवादळाने झोडपलं. युद्धखर्चाने महागाई भडकली, साठेबाजांनी हात धुऊन घेतले. या दुष्काळाने सुमारे ३० लाख माणसं खाल्ली, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

नोव्हेंबर १९४३मध्ये चित्तप्रसाद मिदनापूर जिल्ह्यात फिरले. जे दिसलं ते टिपलं, सोबत लिहूनही काढलं. त्यांच्या चित्रांतले भुकेले लोक म्हणजे नुसती गर्दी नव्हे; कित्येक चित्रांशेजारी त्या माणसाचं नाव आणि गाव आहे. मला हीच त्यांची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते. सरकारी कागदांत जे आकडे होऊन गेले असते, त्यांना त्यांनी नाव-गावानिशी साक्षीला उभं केलं. त्यातून 'हंग्री बंगाल' ही पुस्तिका झाली. सरकारने तिच्या ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. युद्धाला पाठिंबा देणाऱ्या पक्षाच्या चित्रकारालाही सूट नव्हती, कारण युद्ध चालवण्याच्या रीतीनेच भूक कशी वाढवली, ते त्यात दिसत होतं. घरच्यांनी जपलेल्या एका प्रतीवरून २०११मध्ये ती पुन्हा छापली गेली.

१९४६पासून चित्तप्रसाद मुंबईत राहिले. त्याच वर्षीच्या नाविकांच्या बंडावरही त्यांनी चित्रं केली. पुढे ते पक्षापासून दुरावले, पण विषय बदलले नाहीत : अंधेरीच्या आपल्या घरात त्यांनी बालमजुरांवरची लिनोकट (लिनोलियमवर कोरून छापलेली) चित्रं केली, बाहुल्यांचे खेळ उभे केले. पैसा फारसा कधीच मिळाला नाही. १९७८मध्ये कोलकात्यात त्यांचं निधन झालं.