सत्तर टक्के कुणी सांगितलं?

ठाण्याला लोकलमध्ये चढलो तेव्हा फोनवर ब्लूटूथ इअरफोनची बॅटरी ७० टक्के दिसत होती. मुलुंडला ७०, घाटकोपरला ७०, आणि कुर्ला आलं तशी एकदम ६०. मधले ६९, ६८, ६७ गेले कुठे? स्वतःच्या बॅटरीचा एकेक टक्का मोजून दाखवणारा फोन इअरफोनच्या बाबतीत मात्र दहाच्या पाढ्यात बोलतो.

याचं कारण असं की इअरफोनची बॅटरी फोन मोजतच नाही. त्याला ती लांबून दिसत नाही. इअरफोन जे सांगेल ते तो स्क्रीनवर छापतो. आणि इअरफोन हे सांगतो ती भाषा चांगलीच जुनी आहे. १९८१ साली टेलिफोनच्या तारेवरून संगणक जोडणारा हेज कंपनीचा मोडेम आला, त्याला संगणकाकडून हुकूम जायचे ते 'एटी' या दोन अक्षरांनी सुरू होणारे. मोबाइलच्या मोडेमनी ती पद्धत उचलली आणि ब्लूटूथ हेडसेटनीही. कॉल उचल, आवाज वाढव, सगळं अजून त्याच 'एटी'च्या ओळींत चालतं. त्यात हेडसेटने स्वतःची बॅटरी कळवायला शब्दच नव्हता. तो ॲपलने आपल्या फोनसाठी घुसडला: हेडसेटने ० ते ९ यांपैकी एक आकडा पाठवायचा, फोनने त्यात एक मिळवून दहाने गुणायचं. इअरफोनने ६ पाठवले की स्क्रीनवर ७०. पुढे अँड्रॉइडही ही ओळ समजून घेऊ लागला. नंतर ० ते १०० सांगायची अधिकृत सोयही आली, पण दहा पायऱ्यांचा जिना बऱ्याच इअरफोनांत तसाच राहिला. माझे ६९, ६८, ६७ त्या जिन्याच्या दोन पायऱ्यांच्या मधे पडले.

२०१० मध्ये ब्लूटूथची ४.० आवृत्ती आली आणि तिच्याबरोबर कमी वीज खाणारं 'लो एनर्जी' ब्लूटूथ. मनगटावरचा पट्टा, वजनकाटा, चावीला लावायचा टॅग यांच्यासाठी. इथे मात्र बॅटरीची सोय आधीपासून विचार करून केलेली आहे. उपकरणात माहितीचे कप्पे असतात आणि प्रत्येकाला ठरलेला क्रमांक. १८०एफ हा बॅटरीचा कप्पा. त्यात २ए१९ या क्रमांकाची एक चिठ्ठी आणि चिठ्ठीवर एकच बाइट, ० ते १०० मधला आकडा. पट्टा चीनमध्ये बनलेला असो की पुण्यात, क्रमांक तेच. म्हणून कुठलंही ॲप न टाकता फोनला ती चिठ्ठी वाचता येते. फोन हवं तेव्हा विचारू शकतो, किंवा 'आकडा बदलला की तूच कळव' असं एकदा सांगून गप्प बसू शकतो. दुसरी पद्धत बरी, कारण दर मिनिटाला 'किती उरली?' विचारत बसलं तर उत्तर देण्यातच बॅटरी खर्च व्हायची.

त्या एका बाइटचा प्रवास बघण्यासारखा आहे. ७० म्हणजे शून्य-एकच्या भाषेत ०१०००११०, आठ बिटं. पण ती एकटी हवेत सोडता येत नाहीत. पुढे एक बाइट 'लक्ष द्या' म्हणणारा, चार बाइट कुठल्या जोडणीचा निरोप ते सांगणारे, दोन आणि चार बाइट लांबी वगैरे लिहिलेले, तीन बाइट कुठला कप्पा बदलला ते सांगणारे आणि शेवटी तीन बाइट वाटेत काही बिघडलं का ते तपासायला. एक बाइट मजकुराला सतरा बाइटांचं पाकीट! तरीही सगळं मिळून १४४ बिटं, आणि सेकंदाला दहा लाख बिटं या वेगाने ती १४४ मायक्रोसेकंदांत निघून जातात. (निरोप कुलूपबंद असेल तर आणखी चार बाइट.)

थोडक्यात, बिनतारी निरोप पोचवणं हे या कामातलं सोपं काम. मुळात ७० हा आकडा इअरफोनने आणला कुठून, ही खरी अडचण.

घरातला गॅस सिलिंडर आठवा. त्यात १४.२ किलो गॅस असतो, पण अर्धा संपला म्हणून ज्योत अर्धी होत नाही. आत थोडा जरी द्रव गॅस असेल तरी दाब जवळपास तोच राहतो आणि नेमका पाहुणे आलेले असताना, कुकरच्या दुसऱ्या शिट्टीला, ज्योत मान टाकते. बॅटरीचं व्होल्टेज असंच वागतं. लिथियम-आयन बॅटरी भरलेली असताना ४.२ व्होल्ट, संपताना ३ च्या आसपास. पण तिचं बहुतेक आयुष्य ३.६ ते ३.९ च्या सपाट पठारावर जातं. तिथे मोजण्यात काही शतांश व्होल्टची चूक झाली की टक्केवारी पाच-दहाने इकडेतिकडे.

मी एकदा तापमान कळवणारं छोटं ब्लूटूथ यंत्र जुळवलं होतं, रुपयाच्या नाण्यासारख्या सीआर२०३२ सेलवर चालणारं. हिशेब मी आळशीपणाने लिहिला होता: ३ व्होल्ट म्हणजे १००, २ व्होल्ट म्हणजे ०, मधलं सरळ रेषेत. टेबलावर ते ८५ टक्के दाखवत होतं. फ्रिजमध्ये ठेवलं आणि तासाभराने फोनवर पाहतो तर ६०. बाहेर काढलं, चहा होईपर्यंत पुन्हा ८० च्या वर. बायको म्हणाली, "फ्रिजला चार्जर लाव, उलटं चालतंय."

सेलमधला एक थेंबही कुठे गेला नव्हता. थंडीत आतली रासायनिक क्रिया मंदावते, सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतच होणारा अडथळा, वाढतो. रेडिओ बोलतो त्या क्षणी तो १० मिलिअँपिअर खेचतोय आणि रोध ३० ओहम आहे असं धरलं, तर ०.३ व्होल्ट सेलच्या आतच खर्ची पडतात. माझं यंत्र नेमकं त्याच क्षणी व्होल्टेज मोजत होतं. माझ्या सरळ रेषेत ०.३ व्होल्ट म्हणजे तब्बल ३० टक्के. रेडिओ झोपलेला असताना मोजलं असतं तर आकडा गोंडस दिसला असता, पण यंत्र बंद पडणार ते रेडिओ बोलतानाच, तेव्हा तो आकडा कितपत कामाचा? मला अजून याचं एकच उत्तर पटलेलं नाही. शेवटी मी बोलण्याच्या क्षणीच मोजतो आणि तापमान पाहून दुरुस्ती करतो.

वायरलेस माउसला चार्ज होणारे सेल घातले की तो पहिल्याच दिवशी बॅटरी कमी असल्याचं रडगाणं गातो, तेही यातूनच. साधा अल्कलाइन सेल दीड व्होल्टचा, चार्ज होणारा निकेलचा १.२ चा. माउसला आत कोण बसलंय ते माहीत नसतं. त्याने दीडवाल्याचं कोष्टक पाठ केलेलं असतं.

फोनमध्ये आणि लॅपटॉपमध्ये दुसरा उपाय करतात: येणाऱ्या-जाणाऱ्या विजेची खतावणी ठेवायची. वाटेत साधारण १० मिलिओहमचा इवलासा रोध, त्यावरून १०० मिलिअँपिअर गेले की १ मिलिव्होल्ट. तो सतत मोजून बेरीज-वजाबाकी. पण या खतावणीतही रोज पैसा-पैसा चुकत जातो, म्हणून पूर्ण चार्ज झाल्यावर जमाखर्च पुन्हा जुळवावा लागतो. कानात मावणाऱ्या पन्नासेक मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीजवळ एवढा कारकून ठेवायला सगळेच तयार नसतात.

जोडीच्या इअरबडमध्ये तर आकडे तीन: डावा, उजवा आणि त्यांना चार्ज करणारी डबी. पुष्कळ डब्यांना स्वतःचा रेडिओच नसतो. तिचा आकडा तिच्यात बसलेला बड फोनला कळवतो. दोन्ही कानात आणि डबी खिशात असेल तेव्हा तिचं काय झालं हे कुणालाच ठाऊक नसतं. गूगलच्या 'फास्ट पेअर' पद्धतीत यासाठी एक आकडा राखून ठेवलाय. प्रत्येकाला एकेक बाइट, त्यातलं पहिलं बिट चार्जिंग चालू आहे की नाही ते सांगतं आणि उरलेल्या सातांत टक्के. सातही बिटं १ असली, म्हणजे १२७ आलं, तर त्याचा अर्थ 'माहीत नाही'. २ए१९च्या चिठ्ठीत अशी सोय नाही. तिथे शंभराच्या आत काहीतरी लिहावंच लागतं.