युक्तिवादात्मक निबंध

वादाच्या प्रश्नावर ठाम भूमिका घेऊन ती पुराव्याने व तर्काने वाचकाला पटवून देणारा निबंध. शाळेत तो ‘वैचारिक निबंध’ या सदरात येतो, पण प्रत्येक वैचारिक निबंध युक्तिवादात्मक नसतो. ‘विज्ञान : शाप की वरदान?’ या विषयावर वर्षानुवर्षे लिहिले जाणारे निबंध दोन्ही बाजू मांडतात आणि ‘सारे माणसाच्या हातात आहे’ असे म्हणून मोकळे होतात. युक्तिवादात्मक निबंधाला ही पळवाट नाही.

मराठीत हे लेखन वृत्तपत्रांतून रुजले आणि त्याची सुरुवात मुंबईत झाली. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ १८३२ मध्ये निघाले. भाऊ महाजनांनी १८४१ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रभाकर’मधून गोपाळ हरी देशमुखांनी १८४८ ते १८५० या काळात ‘लोकहितवादी’ या नावाने पत्रे लिहून जातिभेद, स्त्रियांची स्थिती, पोथीनिष्ठा यांवर कोरडे ओढले. वाद घालण्याची शिस्त त्याहून फार जुनी आहे. न्यायदर्शन या प्राचीन भारतीय तर्कपरंपरेत अनुमानाचे प्रतिज्ञा (दावा), हेतू (कारण), उदाहरण, उपनय (ते प्रस्तुत प्रश्नाला लावणे) आणि निगमन (निष्कर्ष) असे पाच अवयव सांगितले आहेत, आणि शास्त्रग्रंथांत आधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे म्हणणे, मांडून मग त्याचे खंडन करण्याची रीत आहे. निबंधाचा आराखडा करताना हीच रीत सर्वांत उपयोगी पडते. आपले मुद्दे जमवण्याआधी समोरच्याचा सर्वांत बळकट आक्षेप कागदावर उतरवावा.

उदाहरणार्थ, लोकलच्या दरवाजांचा प्रश्न घेऊ. जून २०२५ मध्ये मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलमधून पडून प्रवाशांचा मृत्यू झाला आणि हा वाद पेटला. ‘लोकल प्रवास सुरक्षित झाला पाहिजे’ हे विधान निबंधाला निरुपयोगी, कारण त्याला नाही म्हणणारा कोणी भेटणार नाही. ‘सर्व साध्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवावेत’ हा मात्र दावा आहे, कारण रोज दारात उभे राहून जाणाराही त्यावर भांडेल.

आता पुरावा. लोकलमार्गावरील वर्षभराच्या मृत्यूंचा एकूण आकडा देण्याचा मोह होतो, पण त्यात रूळ ओलांडताना गेलेल्यांचा वाटा मोठा असतो आणि दरवाजा बंद केल्याने ते वाचणार नाहीत. दाव्याशी संबंध आहे तो फक्त गाडीतून पडलेल्यांच्या आकड्याचा. तो लहान असेल, पण उलटतपासणीत तोच टिकतो. बहुतेक निबंध इथेच ढासळतात. आकडा खरा असतो, दावाही चुकीचा नसतो, पण एकातून दुसरे निघत नाही. स्टीफन टूलमिन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९५८ मध्ये मांडलेल्या आकृतिबंधात पुराव्याला दाव्याशी जोडणाऱ्या नियमाला स्वतंत्र जागा दिली आहे.

पूर्वपक्ष असा : दारे बंद झाली तर साध्या डब्यात जीव गुदमरेल. वातानुकूलित लोकल २०१७ पासून बंद दारांनी धावते, हे त्यावरचे उत्तर नव्हे, कारण तिथे यंत्राने हवा खेळते. बंद असतानाही हवा आत येऊ देणारे झडपांचे दरवाजे, छतावरून ताजी हवा आणि डब्याडब्यांना जोडणारी वाट हा रेल्वेने मुंब्र्यानंतर जाहीर केलेला आराखडा मात्र आक्षेपाला थेट भिडतो. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. गर्दीत दार लागले नाही तर गाडी दादरला खोळंबेल आणि मागच्या साऱ्या गाड्या रखडतील. तो उडवून लावता येत नाही. तेव्हा तो मान्य करून दावाच आवळावा : दरवाजे बसवावेत, पण फेऱ्या वाढवण्यासोबत. अशी माघार घेतल्याने लेखकावरचा विश्वास वाढतो.

प्रत्यक्ष लिहिताना सुविचाराने सुरुवात करू नये, पहिल्या परिच्छेदातच दावा यावा. एका परिच्छेदात एकच मुद्दा असावा. दांड्याला लटकलेल्या प्रवाशाचे चित्र जरूर रंगवावे, पण पुराव्याच्या जागी नव्हे. मांडणी तपासायची तर प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य सलग वाचावे. त्यातून युक्तिवाद उभा राहिला नाही, तर भाषा घासूनपुसून उपयोग नाही.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तीन तासांत हजार ते बाराशे शब्दांचे दोन निबंध लिहावे लागतात, आणि ते मराठीतूनही लिहिता येतात. तिथे आराखड्याला वेळ न देणारे उमेदवार दुसऱ्या निबंधात पहिल्याचेच मुद्दे फिरवताना दिसतात.