रस्ता बंद म्हणजे युद्ध सुरू : ए-९ आणि उत्तर श्रीलंकेतली सामान्य माणसं

श्रीलंकेतलं शेवटचं युद्ध नेमकं कधी सुरू झालं, याची दोन उत्तरं आहेत. नॉर्वेच्या मध्यस्थीने एलटीटीईशी, म्हणजे वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या बंडखोर संघटनेशी, २२ फेब्रुवारी २००२ रोजी झालेल्या शस्त्रसंधीतून सरकार अधिकृतपणे बाहेर पडलं ते १६ जानेवारी २००८ रोजी. जाफन्यातल्या किराणा दुकानदाराला विचारलं तर तो ११ ऑगस्ट २००६ म्हणेल. त्या दिवशी मुहमालईचं तपासणीचं नाकं बंद झालं आणि ए-९ महामार्ग तुटला. मधले सतरा महिने शस्त्रसंधी कागदावर जिवंत होती, विमानं बाँब टाकत होती आणि साखर मिळत नव्हती. लढायांच्या यादीपेक्षा हा रस्ता धरून चाललं तर तिथल्या लोकांचं आयुष्य जास्त कळतं.

ए-९ कँडीहून निघतो आणि वव्हुनियावरून जाफन्याला पोचतो. लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. वव्हुनियाच्या पुढचा जंगल, तळी आणि भातशेतीचा विरळ वस्तीचा मुलूख म्हणजे वन्नी. वाटेत मुरिकंडीला रस्त्याच्या कडेलाच पिळ्ळैयारचं, म्हणजे गणपतीचं, छोटं देऊळ आहे. एकही ड्रायव्हर तिथे नारळ फोडल्याशिवाय पुढे जात नाही आणि प्रवासी भाजलेल्या शेंगा घेतल्याशिवाय गाडीत चढत नाहीत. त्यानंतर किलिनोच्ची, परंदन, आणि मग एलिफंट पास ही खाजणातली जमिनीची चिंचोळी पट्टी. जाफना द्वीपकल्प उरलेल्या देशाला जोडलेला आहे तो मुख्यतः इथेच. ही पट्टी अडवली की सहा लाख लोकांचं बेट होतं.

ते पहिल्यांदा झालं जून १९९० मध्ये. भारतीय शांतिसेना मार्चमध्ये परतली होती. मराठी वाचकाला हे युद्ध बहुधा तिच्यामुळेच आठवतं: मुंबईत जन्मलेले, महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांना इथल्याच लढाईत मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. जाफन्याच्या आठवणीत मात्र २१ ऑक्टोबर १९८७ची दिवाळी आहे. त्या दिवशी शांतिसेना तिथल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात शिरली आणि डॉक्टर, परिचारिका, रुग्ण असे साठाहून अधिक लोक मेले. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत.

जून १९९०मध्ये सरकार आणि एलटीटीई यांच्यात पुन्हा जुंपली, जाफन्याची 'याळ देवी' रेल्वे थांबली, दक्षिणेकडून येणारी वीज तुटली आणि सरकारने एलटीटीईच्या ताब्यातल्या भागावर मालबंदी घातली. पेट्रोल, बॅटरी, सिमेंट, कितीतरी औषधं बंद. रॉकेल थोडंथोडं येई, तेव्हा सगळं जग रॉकेलवर आलं. जाफन्यात मॉरिस, ऑस्टिन अशा जुन्या ब्रिटिश गाड्या बऱ्याच होत्या आणि त्याच उपयोगी पडल्या, कारण त्यांच्या इंजिनात दाब कमी असतो. नव्या इंजिनात रॉकेल घातलं की ते ठोके देऊ लागतं. थंड इंजिनात रॉकेलची वाफ होत नाही, म्हणून कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचे चार थेंब सोडायचे, गाडी सुरू करून तापवायची आणि मग रॉकेलवर घ्यायची. वाटेत बंद पडून गार झाली की पुन्हा चार थेंब. त्यामुळे पेट्रोलची छोटी बाटली ड्रायव्हर जिवापाड जपत. न जळलेलं रॉकेल खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं, त्यामुळे बेअरिंगं लवकर जात. रस्त्यावर पांढरा धूर आणि नाकाडोळ्यांत चुरचुर, हा त्या पाच वर्षांचा वास.

रात्री दिव्यासाठी जॅमची बाटली. तळाशी कापूस, तो भिजेल इतकंच रॉकेल, वर कापडाची बारीक वात. कापूस तेल धरून ठेवतो, त्यामुळे सांडत नाही आणि वातही हळू ओढते. उजेड पुस्तकाच्या एका पानापुरता. बातम्यांसाठी सायकल उलटी करून पॅडल मारायचं आणि डायनामोवर रेडिओ लावायचा. डायनामोतून एसी येतो, रेडिओला डीसी लागतो, म्हणून मध्ये डायोड. पॅडल मारणारा थकला की बीबीसीचा तमिळ निवेदकही थकल्यासारखा बोलू लागे. साबण नसला की पिकलेल्या ताडफळाच्या गराने कपडे धूत. बाहेर जायचं तर किलाली खाजणातून रात्री होडीने, नौदलाच्या गोळीबाराच्या टप्प्यातून.

या कोंडीची सगळी जबाबदारी सरकारवर टाकणारा इतिहास अपुरा आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये एलटीटीईने उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना हाकललं. तेही तमिळच बोलणारे, सत्तर हजारांच्या वर. जाफना शहरातल्यांना आवरायला दोन तास मिळाले. त्यातले बहुतेक पुत्तलमच्या छावण्यांत गेले आणि तिथेच एक पिढी वाढली. पाच वर्षांनी, ३० ऑक्टोबर १९९५ला, लष्कर जवळ आल्यावर एलटीटीईने सगळं जाफनाच रिकामं करायला लावलं. पावसात, एका रात्रीत, लाखो माणसं नावत्कुळीच्या अरुंद पुलावरून पलीकडे सरकत होती. जाफना लष्कराच्या ताब्यात आलं, वन्नी एलटीटीईकडे राहिली, आणि रस्ता बंदच राहिला.

२००२ साली तो उघडला. वव्हुनियाच्या उत्तरेला ओमंतई हे सरकारचं नाकं, पुढे पुलियंकुळमला एलटीटीईचं. वर पळईला एलटीटीईचं, मुहमालईला पुन्हा सरकारचं. एका देशात प्रवास करताना चार ठिकाणी सामान उतरवायचं आणि एलटीटीई मालावर 'कस्टम' घ्यायची ती वेगळीच. तरीही लोकांना ते चालत होतं. परदेशात गेलेली मुलं बारा-पंधरा वर्षांनी घरी आली, कौलं आली, मोटरसायकली आल्या. डिसेंबर २००४च्या त्सुनामीने मुल्लैतीवू आणि पूर्व किनारा धुऊन नेला. सरकार आणि एलटीटीईने मदत मिळून वाटण्याचा करार पुढच्या वर्षी न्यायालयात अडकला. नोव्हेंबर २००५च्या अध्यक्षीय निवडणुकीत एलटीटीईने तमिळांना मतदानापासून रोखलं आणि महिंदा राजपक्षे दोन लाखांहून कमी मतांनी निवडून आले. तेव्हापासूनच सावध माणसं तांदूळ भरून ठेवू लागली होती.

ठिणगी पडली ती पाण्यावरून. जुलै २००६ मध्ये त्रिंकोमाली जिल्ह्यात एलटीटीईने माविल आरू या कालव्याची दारं बंद केली. मुतूर पूर्वेकडच्या तमिळ गावांची पाणीयोजना रखडली, ही त्यांची तक्रार. खालच्या अंगाला सुमारे १५,००० कुटुंबांची भातशेती तहानली, ती बहुतांश सिंहली. सरकारने विमानं पाठवली, एलटीटीईने मुतूर शहरात शिरकाव केला, हजारो मुसलमान कंतळेकडे चालत सुटले. ४ ऑगस्टला तिथे एका फ्रेंच मदतसंस्थेच्या १७ स्थानिक कर्मचाऱ्यांना त्यांच्याच आवारात गोळ्या घातल्या गेल्या. आठवड्याभरात मुहमालईची आघाडी पेटली आणि नाकं मिटलं.

जाफन्यात आधी चोवीस तासांची संचारबंदी, मग दिवसातून काही तास सूट. त्या तासांत 'संघ कडै'पुढे, म्हणजे सहकारी संस्थेच्या रेशन दुकानापुढे, रांग. वाटप ग्रामसेवकाच्या यादीप्रमाणे. तिकडेही त्याला 'ग्राम सेवकर'च म्हणतात. माल त्रिंकोमालीहून जहाजाने, कांकेसंतुरै किंवा पॉइंट पेड्रोला. ईशान्य मोसमी पावसात समुद्र खवळला की जहाज बाहेरच उभं. ट्रकने दिवसात येणारी वस्तू आता आठवडे खाई आणि किंमत कित्येक पट होई. विजेचंही तेच: जाफना राष्ट्रीय ग्रिडला जोडलेलं नव्हतं, चुन्नाकमच्या डिझेल जनित्रांवर चालायचं. म्हणजे डिझेलचं जहाज आलं तर दिवे.

उलट बाजू फारशी कुणी सांगत नाही. जाफन्याची तांबडी माती लहान लाल कांदा, मिरची, तंबाखू, केळी भरपूर पिकवते आणि हा माल ए-९ने कोलंबोला जातो. रस्ता बंद झाल्यावर तांदूळ महाग आणि कांदा मातीमोल, अशी दुहेरी मार बसली. कांद्याचं बियाणं म्हणजे मागच्या पिकाचे जपलेले कांदेच. पोटासाठी ते विकले किंवा खाल्ले की पुढचा हंगामही गेला.

बाहेर पडायला लष्कराची लेखी परवानगी, मग जहाजात जागा. काहींना थांबणंच धोक्याचं होतं: पांढऱ्या व्हॅनमधून माणसं उचलली जात होती, आणि जीव वाचवण्यासाठी मानवी हक्क आयोगाच्या जाफना कार्यालयात स्वतःहून हजर होऊन तुरुंगात ठेवून घेणारे तरुणही होते. कोलंबोत पोचलं तरी सुटका नव्हती. ७ जून २००७च्या पहाटे पोलिसांनी तिथल्या लॉजमधून ३७६ तमिळांना बसमध्ये बसवून वव्हुनियाकडे पाठवलं. दुसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवलं. मन्नारकडचे लोक होडी धरत. तलैमन्नार ते धनुष्कोडी जेमतेम तीस किलोमीटर, पण भारतीय तटरक्षकांच्या भीतीने नावाडी बरेचदा किनाऱ्यापर्यंत येतच नसत. मधल्या वाळूच्या पट्ट्यावर रात्री उतरवून परत फिरत. पोरं आणि बोचकी घेऊन माणसं पाण्याविना तिथे बसून राहत, कुणी मच्छीमार किंवा नौदल येईपर्यंत. मग मंडपमची छावणी.

वन्नीतल्यांना हा मार्गही नव्हता. तिथे 'इयक्कम'चा, म्हणजे चळवळीचा, अर्थात एलटीटीईचा, पास लागे आणि तो मिळवायला घरातलं कुणीतरी मागे ठेवावं लागे. घरटी एक लढवय्या द्यायचा, पुढे पुढे एकावरही भागेना. इथले बरेच गरीब लोक मुळात चहामळ्यांतले तमिळ होते, १९७७च्या दंगलीनंतर डोंगरातून इकडे येऊन वसलेले. त्यांची ही दुसरी-तिसरी परवड.

सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने संयुक्त राष्ट्रं आणि बहुतेक मदतसंस्थांना वन्नी सोडायला लावली. तोवर पश्चिमेकडची गावं हलायला लागली होती, एकेक मुक्काम मागे टाकत: मडू, मल्लावी, अक्करायन, किलिनोच्ची, धर्मपुरम, विसुवमडू. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा 'लँडमास्टर'मागे, म्हणजे दोन चाकी छोट्या ट्रॅक्टरमागे, दारं, खिडक्या, पत्रे, कोंबड्या सगळं भरलेलं. पत्रे आणि ताडाचे ओंडके सोडवत नसत, कारण पुढच्या मुक्कामाला त्यातूनच 'पदुंगु कुळी', लपायचा खड्डा, करायचा होता. पद्धत ठरलेली: छातीएवढा खोल खंदक, शक्यतो काटकोनात वळवलेला, म्हणजे तोंडाशी 'सेल', तोफगोळा, फुटला तरी छर्रे सरळ आत येत नाहीत. वर आडवे ओंडके, त्यावर पत्रा, त्यावर दोनतीन फूट माती. किफिर विमानाच्या बाँबपुढे हे टिकत नाही. तोफेच्या छर्ऱ्यांपासून वाचवतं. नोव्हेंबर २००८च्या निशा चक्रीवादळात हेच खड्डे पाण्याने भरले. आणि एप्रिल २००९ मध्ये माणसं मात्तळन-मुल्लिवाय्क्कालच्या समुद्रकाठच्या पट्टीवर कोंबली गेली, तिथे नुसती वाळू. खणलं की भिंत ढासळे, चारपाच फुटांवर पाणी लागे. बायकांनी साड्या फाडून पिशव्या शिवल्या, वाळू भरली आणि भिंती लावल्या. लग्नातल्या रेशमी साड्याही त्यात गेल्या. विणीमुळे त्या वाळू चांगली धरतात.

एलटीटीईच्या ताब्यात उरलेल्या भागात किती लोक आहेत, यावरून सगळं बिघडलं. सरकार फेब्रुवारी २००९ मध्ये ७०,००० म्हणत होतं. तिथले सरकारी अधिकारीच तीन लाखांच्या वरचा आकडा कळवत होते. दरडोई रोज ४०० ग्रॅम धान्य धरलं तर पहिल्या आकड्याला २८ टन लागतात, तीन लाखांना १२०. अन्न लहान आकड्याच्या हिशेबाने गेलं. रस्त्याने शेवटचा धान्याचा ताफा १६ जानेवारी २००९ रोजी शिरला. नंतर फक्त रेडक्रॉसच्या देखरेखीखालची जहाजं, परतताना जखमींना नेणारी. भूल द्यायची औषधं आणि रक्ताच्या पिशव्या नव्हत्या.

सरकारने तीनदा 'गोळीबारमुक्त क्षेत्र' जाहीर केलं, दर वेळी आधीपेक्षा लहान. तिन्हींत तोफगोळे पडले. पुदुकुडियिरुप्पूचं रुग्णालयही, त्याचे अक्षांश-रेखांश आधीच कळवलेले असताना, सुटलं नाही. पळून जाणाऱ्यांवर एलटीटीईने गोळ्या झाडल्या. १३ मेपर्यंत ७,७२१ मृत्यू, ही संयुक्त राष्ट्रांच्या स्थानिक चमूची मोजणी. संयुक्त राष्ट्रांच्याच २०११च्या तज्ज्ञ समितीने ४०,००० पर्यंतची शक्यता मांडली, ती सरकारने नाकारली. १८-१९ मेला एलटीटीईचा पाडाव होऊन लढाई संपली तेव्हा बाहेर आलेल्यांची गणती सुमारे २,८०,००० भरली. बहुतेकांना वव्हुनियाजवळच्या मेनिक फार्ममध्ये काटेरी तारेआड ठेवलं. ती छावणी सप्टेंबर २०१२ मध्ये बंद झाली. याळ देवी पुन्हा जाफन्यात शिरली ऑक्टोबर २०१४ मध्ये.

मुल्लिवाय्क्कालमध्ये शेवटच्या आठवड्यांत सार्वजनिक मोठ्या भांड्यात मूठभर तांदूळ, भरपूर पाणी आणि मीठ, एवढंच शिजे. कोकणातल्या पेजेसारखं, पण तिकडच्या नेहमीच्या कंजीत असतं ते नारळाचं दूध नाही. रांगेत उभ्या असलेल्यांवर सेल पडले तरी रांग पुन्हा लागे. आता दर मे महिन्यात उत्तर-पूर्वेत रस्त्याच्या कडेला तीच बेचव कंजी शिजवून येणाऱ्याजाणाऱ्याला देतात, बरेचदा करवंटीतून. मे २०२४ मध्ये त्रिंकोमाली जिल्ह्यात, माविल आरूपासून फार लांब नसलेल्या संपूरमध्ये, ती वाटल्याबद्दल पोलिसांनी चार जणांना अटक केली. त्यात तिघी बायका होत्या.