दर दहा मिनिटांनी बस, तरी नऊ मिनिटं थांबायला का लागतं?

१ जून २०२५ पासून पुण्यात पीएमपी या शहर बससेवेचं किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं आणि तेव्हापासून घरी, ऑफिसात, रिक्षात दोन वाक्यं सारखी कानावर पडतायत. एक, "एवढा तोटा होतो तर बंद करून टाका ना, आता मेट्रो आलीये की." आणि दुसरं स्टॉपवरचं, "माझं नशीबच फुटकं, मी आलो की बस नेमकी गेलेली असते, सकाळी कुणाचं तोंड बघितलं कुणास ठाऊक." वरवर बघता दोघांचा काही संबंध नाही, पण दोन्हीचं उत्तर एकाच गणितात आहे आणि ते गणित मला इतकं आवडतं की आज तेच सांगणार आहे.

आधी नशिबाचं बघू. समजा एका मार्गावर तासाला ६ बस आहेत, म्हणजे सरासरी दर १० मिनिटांनी एक. वेळापत्रक न बघता कधीही स्टॉपवर गेलात तर सरासरी ५ मिनिटं थांबायला लागेल ना? बस घड्याळासारख्या आल्या तर हो, ५च. पण त्याच ६ बस जोडीजोडीने आल्या असं धरा, पहिलीच्या मागोमाग १ मिनिटात दुसरी, मग १९ मिनिटं शुकशुकाट, मग परत जोडी. सरासरी अंतर अजूनही १०च आहे. पण तुम्ही स्टॉपवर पोचाल तो क्षण त्या १९ मिनिटांच्या रिकाम्या पट्ट्यात पडायची शक्यता २० पैकी १९, म्हणजे ९५ टक्के! तिथे सापडलात की सरासरी साडेनऊ मिनिटं, उरलेल्या ५ टक्के वेळा अर्धं मिनिट, दोन्ही मिळून सरासरी ९.०५ मिनिटं.

बस तितक्याच, डिझेल तितकंच, ड्रायव्हर-कंडक्टर तितकेच, आणि थांबणं जवळजवळ दुप्पट. ज्याचं त्याचं नशीब एकाच वेळी फुटकं कसं असेल? मोठं अंतर मोठं असतं म्हणूनच त्यात जास्त माणसं सापडतात, सकाळी कुणाचंही तोंड बघा. बसला लिंबू-मिरची बांधल्यानेही ते १९चे १० होणार नाहीत.

याचं सूत्र असं, सगळ्या अंतरांच्या वर्गांची बेरीज करायची आणि तिला अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागायचं. आपल्या उदाहरणात १ अधिक ३६१, भागिले ४०, आलं ९.०५. वर्ग का येतो? कारण मोठ्या अंतराचा फटका दोनदा बसतो, एकतर त्यात माणसं जास्त जमतात आणि वर प्रत्येकजण जास्त वेळ थांबतो. ज्यांनी प्रमाण विचलन शिकलंय त्यांच्यासाठी, प्रमाण विचलन भागिले सरासरी, त्याचा वर्ग, त्यात १ मिळवायचा आणि त्याने सरासरीच्या निम्म्याला गुणायचं. इथे विचलन ९, म्हणून ५ गुणिले १.८१, परत ९.०५च. बस पूर्ण बेभरवशाच्या, कशाही आल्या तर हे उत्तर १० येतं, म्हणजे सरासरी थांबणं हे अख्ख्या सरासरी अंतराएवढं.

बरं, बस जोडीने येतात तरी का? हे मी भाच्याला फरशीवर दाखवलं. एकेक फरशी म्हणजे स्टॉप, दोन काड्यापेट्या म्हणजे बस आणि राजम्याचे दाणे म्हणजे प्रवासी. नियम सोपा, दर डावाला प्रत्येक फरशीवर एक दाणा वाढवायचा, आणि बसने जितके दाणे उचलायचे तितका वेळ तिथे थांबायचं. सुरुवातीला दोन्ही पेट्यांत छान अंतर होतं. मग मी पुढच्या पेटीला सिग्नल लागला म्हणून फक्त दोन डाव अडवली. तेवढ्या वेळात पुढच्या फरशीवर दाणे वाढले, ते उचलायला वेळ लागला, म्हणून त्याच्या पुढच्या फरशीवर आणखी वाढले. मागच्या पेटीला मात्र जवळजवळ रिकाम्या फरश्या मिळत गेल्या आणि ती सुसाट. आठ-नऊ फरश्यांत भाचा ओरडला, "मामा, मागची चिकटली!" पुढची पेटी दाण्यांनी गच्च भरलेली, मागचीत चार दाणे. रस्त्यावर आपण हेच बघतो, पहिलीच्या दारात लोक लटकलेले आणि मागे दुसरी रिकामी. न्यूएल आणि पॉट्स या दोन संशोधकांनी १९६४ मध्येच हे गणिताने दाखवलं होतं की छोटासा उशीर आपोआप मोठा होत जातो, त्यात ड्रायव्हरचा आळस वगैरे धरायची गरजच नाही.

उपाय पण फरशीवरच सापडला. मागची पेटी एका ठरलेल्या फरशीवर थोडी थांबवायची, अंतर परत मोकळं होतं. आणि दुसरा, सिग्नल-ट्रॅफिकचा तो पहिला धक्काच बसू नये म्हणून बसला स्वतःची लेन द्यायची. पुण्यात २००६ ला कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी सुरू झाली ती त्यासाठीच, नंतर शहरात काही ठिकाणी ती उखडून टाकली. माझ्या मते मोठी चूक.

मग भाच्याने तिसरी काड्यापेटी मागितली, "अजून एक बस घेऊया ना." इथून पैशाचा प्रश्न सुरू होतो.

हर्बर्ट मोरिंग नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली. तासाला ४ बस असतील तर अंतर १५ मिनिटं, थांबणं साडेसात. प्रवासी दुप्पट झाले आणि बसही ८ केल्या, तर थांबणं पावणेचार. म्हणजे नवीन प्रवासी आले की जुन्या प्रवाशांचा वेळ वाचतो! रस्त्यावर बरोबर उलटं होतं, प्रत्येक नवी गाडी बाकीच्यांचा वेळ खाते. बस चालवायचा खर्च आणि लोकांच्या थांबण्याची किंमत या दोन्हींची बेरीज कमीत कमी कधी होते ते काढलं, तर बसची संख्या प्रवाशांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात येते. प्रवासी चौपट तर बस दुप्पट, थांबणं निम्मं. म्हणजे प्रवासी वाढले की माणशी खर्च उतरतो, नवा प्रवासी सरासरीपेक्षा कमीच खर्च वाढवतो, आणि असं असेल तर योग्य तिकीट हे सरासरी खर्चापेक्षा कमीच निघतं. मधला फरक कुणीतरी भरायलाच लागतो. आपण त्याला तोटा म्हणतो, पण स्टॉपवर वाचलेली लाखो मिनिटं कुठल्याच ताळेबंदात जमेला लिहिली जात नाहीत. फेऱ्या कापून तो 'तोटा' कमी करायला गेलं की हेच चक्र उलटं फिरतं, थांबणं वाढतं, लोक टू-व्हीलर घेतात, प्रवासी घटतात आणि पुन्हा फेऱ्या कापायची पाळी.

आता हा फरक भरतं कोण? पीएमपीची तूट पुणे महापालिका ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवड ४० टक्के भरते. पण लोक त्या हद्दीत राहिलेत कुठे? २०११ लाच पुणे जिल्हा ९४ लाखांवर होता, २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत आली, तरी आयटी कंपन्यांची हिंजवडी, कारखान्यांचं चाकण बाहेरच आहेत. रोजचा प्रवास अख्ख्या प्रदेशाचा आणि बिल मुख्यतः दोन महापालिकांचं. बांधकामाला पैसा मिळतो, पुणे मेट्रोला युरोपियन इन्व्हेस्टमेंट बँक आणि फ्रान्सच्या एएफडी या विकाससंस्थेने कर्ज दिलंय, घर घेताना आपण स्टँप ड्यूटीसोबत घराच्या किमतीच्या १ टक्का मेट्रो सेस भरतो. मेट्रो हवीच. पण मेट्रोपर्यंत न्यायला बस लागते, आणि त्या बसच्या रोजच्या फेऱ्यांचं बिल महिन्यामहिन्याला येतं, त्याचं उद्घाटन करता येत नाही. म्हणून केंद्राच्या पीएम ई-बस सेवा योजनेतली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते, तिथे बस चालवण्याच्या खर्चालाही १० वर्षं मदत आहे. फ्रान्समध्ये तर पॅरिस भागात १९७१ पासून कंपन्यांकडून पगाराच्या रकमेवर वाहतुकीसाठी वेगळा कर घेतात, कारण कामगार वेळेवर पोचण्याचा फायदा कंपनीलाही होतो. हिंजवडीसारख्या ठिकाणी हे बोलायला काय हरकत आहे? याउलट २०१८ ला आपल्या राज्याने व्हर्जिन हायपरलूप वन या कंपनीशी मुंबई-पुणे हायपरलूपचा, म्हणजे नळीतून अतिवेगाने धावणाऱ्या गाडीचा करार केला, २५ मिनिटांत पुणे वगैरे चर्चा झाली, आणि ती कंपनी २०२३ च्या शेवटी बंदही पडली. त्या काळात स्टॉपवरचं एक मिनिटही कमी झालं नाही.

शहराच्या आराखड्यात उड्डाणपुलांची लांबी असते, रस्त्यांची रुंदी असते, बसची संख्याही असते (केंद्राच्या मानकात हजार माणसांमागे ०.६ बस ही सगळ्यात चांगली पातळी). त्यात प्रत्येक मार्गाचं खरं थांबणंही आलं पाहिजे. ते मोजायला फार काही लागत नाही. रविवार सोडून एक दिवस तासभर तुमच्या स्टॉपवर उभे रहा, एका मार्गाच्या बस आल्याच्या वेळा कागदावर लिहा, मधल्या अंतरांचे वर्ग करून बेरीज घ्या आणि अंतरांच्या बेरजेच्या दुपटीने भागा. येईल त्या आकड्यातून सरासरी अंतराच्या निम्मं वजा करा. उरली तितकी मिनिटं एकही नवीन बस न घेता, फक्त अंतर सांभाळून वाचवता येतात.